फिजीची ३८२ पायांची गोम: गोनिब्रेग्मॅटस प्लुरिमिपिस

मृदासखी

नमस्कार मंडळी. इथे पक्षी, साप, फुलपाखरं, बेडूक ह्यांवर उत्तम धागे आहेत. मातीच्या आत राहणाऱ्यांवर मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नाहीत. म्हणून आज एका गोमेबद्दल लिहिते आहे. आपल्यापासून फार दूर, दक्षिण पॅसिफिकमधल्या फक्त फिजीत सापडणारी ही गोम आहे.

नाव गोनिब्रेग्मॅटस प्लुरिमिपिस. पायांच्या १९१ जोड्या, म्हणजे ३८२ पाय. आजवर नोंदलेल्या कुठल्याही गोमेत किंवा घोणीत ह्याहून जास्त पाय मोजले गेलेले नाहीत. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत हिमँटॅरम गॅब्रिएलिस नावाची एक लांबलचक गोम आहे, तिच्या १७९ जोड्यांपर्यंत नोंदी आहेत. पण फिजीची गोम तिच्याही पुढे.

१९२० साली राल्फ चेंबरलिन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. ते तेव्हा हार्वर्डच्या प्राणिसंग्रहालयात (प्राण्यांचे जतन केलेले नमुने ठेवतात ते संग्रहालय) बहुपाद प्राण्यांचा विभाग सांभाळत होते. ऑस्ट्रेलिया आणि आसपासच्या बेटांवरच्या गोमा, घोणी, पैसे (म्हणजे वाणी) ह्यांवर त्यांनी जे मोठं काम केलं, त्यातच ही जात आहे. ज्या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) ती मोडते ती त्याच्याही आधीची. १८४३ मध्ये जॉर्ज न्यूपोर्ट ह्यांनी फिलिपिन्समधल्या नमुन्यावरून ती उभी केली, आणि पहिल्या जातीला ह्यू कमिंग ह्या संग्राहकाचं नाव दिलं.

ओळख थोडक्यात. गोमांचे आज पाच गण जिवंत आहेत. घरात भिंतीवरून सुळकन पळणारी लांब पायांची एक. दगडाखाली राहणारी आखूड, तपकिरी, १५ जोड्यांची दुसरी. फक्त टास्मानिया आणि न्यूझीलंडमध्ये उरलेला एक अगदी छोटा गण. चौथ्यात आपली घोण, २१ किंवा २३ जोड्यांची. आणि पाचवा गण जमिनीतल्या गोमांचा. ह्या पाचव्या गणात १,२०० हून अधिक जाती आहेत आणि पायांच्या जोड्या २७ पासून १९१ पर्यंत जातात. डोळे एकीलाही नाहीत. मिशा मात्र प्रत्येकीच्या अगदी नेमक्या १४ पेरांच्या.

मला ह्या धाग्यात एकच गोष्ट मांडायची आहे. एखादा प्राणी 'फक्त अमुक देशात सापडतो' असं वाचलं की आपल्याला वाटतं, तो देश त्याला ओळखत असेल, जपत असेल. मातीतल्या प्राण्यांच्या बाबतीत तसं होत नाही. गोमांमधला पायांचा विक्रम ज्या जातीच्या नावावर आहे, तिची ओळख आजही मुख्यतः अल्कोहोलमधल्या नमुन्यांवरून आहे. फिजीच्या पोस्टाच्या तिकिटांवर पोपट येतात, इग्वाना येतात. गोमेला तो मान मिळावा असं माझं म्हणणं नाही, पण तिच्या पायाखालच्या मातीकडे लक्ष जावं असं मात्र मला फार मनापासून वाटतं.

ज्यांना ह्या गणाबद्दल, फिजीबद्दल, किंवा आपल्याकडच्या गोमांबद्दल माहिती आहे त्यांनी जरूर लिहा.

---

टिपकागद

ताई, फार चांगला विषय काढलात. गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ३८२ पायांचा हिशेब मात्र आज पहिल्यांदा कळला.

एक शंका. १५, २१, २३, १७९, १९१. तुम्ही दिलेले जोड्यांचे सगळे आकडे विषम आहेत. योगायोग की नियम?

---

कडेकपारी

टिपकागद काका, नियमच आहे. प्रौढ गोमांमध्ये पायांच्या जोड्या विषम असतात. जमिनीतल्या गोमांत तर हे फारच नवलाचं, कारण एकाच जातीत एका मादीला ५१ जोड्या, दुसरीला ५३, एखाद्या नराला ४९ असा फरक पडतो, पण ५० किंवा ५२ कुणालाच नाही. विकासात काही बिघाड होऊन सम जोड्यांचा एखादा जीव निघतो, पण तो अपवाद.

असं का, ह्याचा धागा गर्भात सापडतो. युरोपच्या समुद्रकिनाऱ्यावर राहणाऱ्या स्ट्रिगॅमिया मॅरिटिमा ह्या गोमेच्या अंड्यांवर ब्रिटनमध्ये बरंच काम झालंय. २००४ मध्ये चिपमन, आर्थर आणि एकम ह्यांनी दाखवलं की तिच्या गर्भात शरीराचे खंड एकेक करून आखले जात नाहीत. आधी दोन-दोन खंडांच्या अंतराने जनुकांचे पट्टे उमटतात, मग प्रत्येक पट्ट्याच्या मध्ये आणखी एक पट्टा येतो. म्हणजे वाढ होते ती जोडीने. एक खंड वाढवायचा किंवा कमी करायचा तर सोबतचा दुसराही जातो.

आता तुम्ही विचाराल, जोडीने वाढ तर आकडा सम यायला हवा. इथे गोमेच्या विषारी नांग्या लक्षात घ्यायच्या. डोक्याखालच्या त्या नांग्या म्हणजे मुळात पायांचीच पहिली जोडी, चालण्याऐवजी भक्ष्य पकडायला आणि विष टोचायला बदललेली. पाय मोजताना आपण ती सोडून देतो. ती धरली तर फिजीच्या गोमेची बेरीज १९२ होते. सम.

घोणींच्या गणातलं एक उदाहरण मला फार आवडतं. त्या गणात सगळ्यांना २१ किंवा २३ जोड्या. पण २००८ मध्ये ब्राझीलमधून स्कोलोपेंड्रॉप्सिस ड्युप्लिकाटा नावाची जात वर्णन झाली, तिला ३९ किंवा ४३. तिच्या सर्वांत जवळच्या नातेवाईक जातीत २१ किंवा २३. म्हणजे आकडा जवळजवळ दुप्पट झाला, मधल्या पायऱ्या न घेता, आणि तरीही विषमच राहिला.

---

गवतीचहा

छान चाललाय धागा. माझा प्रश्न घरगुती आहे. आमच्याकडे (चिपळूण) पावसाळ्यात मोरीतून बारीक, लांब, पिवळसर गोमा येतात. लाल डोक्याच्या. सासूबाई म्हणतात कानात जाते, लगेच मारा. मुलं घरात लहान आहेत. ह्या त्याच जमिनीतल्या गोमा का? आणि चावतात का?

---

मृदासखी

गवतीचहा ताई, वर्णनावरून त्या मेसिस्टोसेफॅलस ह्या प्रजातीतल्या वाटतात. लांबट तांबूस डोकं आणि फिकट पिवळं अंग ही त्यांची खूण. कोकणात, घाटावर, दोन्हीकडे आहेत. फिजीच्या गोमेच्या गणातल्याच, पण कुटुंब वेगळं. ह्यांच्यात एक विशेष आहे. गणातल्या इतर गोमांमध्ये जोड्यांची संख्या माणसागणिक, म्हणजे जीवागणिक बदलते. मेसिस्टोसेफॅलसच्या बहुतेक जातींत ती ठरलेली. पुष्कळ जातींत ४९, आणि नर असो मादी असो, सगळ्यांना तेवढ्याच.

विषारी नांग्या त्यांनाही आहेत, पण त्या गांडुळं, अळ्या, मऊ अंगाचे छोटे जीव ह्यांच्यासाठी. इतक्या बारीक नांग्या आपल्या कातडीत सहसा शिरत नाहीत. घोणीची गोष्ट वेगळी. घोण चावली तर वेदना प्रचंड होतात, सूज येते, लहान मुलाला तर डॉक्टरांकडे न्यायलाच हवं. दोघींना एकाच मापाने मोजू नका.

कानाचं म्हणाल तर कान शोधत कुठलीच गोम येत नाही. जमीन पाण्याने भरली की तिला श्वास घेता येत नाही, म्हणून ती वर येते आणि ओलसर अंधारी फट शोधते. जमिनीवर झोपलेल्या माणसाचा कानही तिच्या लेखी एक फट ठरू शकतो. मुलांना पावसाळ्यात खाटेवर झोपवलं, मोरीच्या तोंडाला जाळी लावली की काळजी मिटली. आलेलीला सुपलीत घेऊन बाहेर मातीत सोडा. सासूबाईंना सांगा, हुमणीच्या अळ्या खाणाऱ्यांपैकी ती आहे.

---

सुवाकर

मी कामानिमित्त काही वर्षं फिजीच्या राजधानीत, सुवात आहे. धागा दिसल्यावर राहवलं नाही. प्राणिशास्त्राचा माणूस नाही, पण ही गोम ज्या जमिनीत राहते ती जमीन रोज बघतो, त्याबद्दल सांगतो.

फिजी म्हणजे ३०० हून अधिक बेटं. दोन मोठी, विती लेवू आणि वानुआ लेवू. विती लेवूच्या मधोमध डोंगर आहेत, सर्वांत उंच तोमानीवी, १,३२४ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा थोडा कमी. आग्नेयेकडून येणारे वारे ह्या डोंगरांना अडतात. त्यामुळे सुवाच्या बाजूला वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस, आणि डोंगरापलीकडे नांदी-लाउतोकाच्या बाजूला त्याहून बराच कमी. सह्याद्रीच्या माणसाला हे लगेच कळतं. इकडच्या बाजूला घनदाट जंगल आणि तिकडे ऊस.

त्या उसापायीच आपली माणसं इथे आली. १८७९ ते १९१६ ह्या काळात ६० हजारांहून अधिक गिरमिटिये (करारावरचे मजूर) जहाजांनी आणले गेले. बहुतेक संयुक्त प्रांत-बिहारकडचे आणि नंतर दक्षिणेकडचे. उसामागोमाग मुंगूस आलं, १८८३ साली, उंदरांसाठी. मग १९३६ मध्ये उसावरच्या किडीसाठी दक्षिण अमेरिकेतला मोठा विषारी भेक आणला. किडीचं काय झालं कोण जाणे, भेक मात्र आज सगळीकडे आहेत. संध्याकाळी पाऊस थांबला की रस्त्याच्या दिव्याखाली बसलेले असतात आणि हलेल ते गिळतात. पावसानंतर वर आलेल्या गोमेचं काय होत असेल ते सांगायला नको.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. इथली ८० टक्क्यांहून अधिक जमीन मूळ फिजियन कुळांच्या सामाईक मालकीची आहे. त्या कुळाला मतांगाली म्हणतात. सरकारी परवाना असला तरी गावात जाऊन यांगोनाची (काव्हा पेयाच्या झाडाची) मुळं अर्पण करून, म्हणजे सेवुसेवू हा विधी करून, परवानगी मागावी लागते. मला ही पद्धत फार आवडते. ज्यांची जमीन, त्यांना विचारल्याशिवाय तिथला दगडसुद्धा उलटा करायचा नाही. गोमेला इथे थिकिनोवू म्हणतात. गावात कुणालाही विचारा, सगळ्यांना तो शब्द माहीत आहे, पण डोळ्यांसमोर येते ती मोठी, चावणारी घोण. मातीतल्या बारीक लांब गोमेकडे पाहायला कुणी थांबत नाही.

सुवाच्या वर थोलो-इ-सुवा नावाचं राखीव जंगल आहे. लोक धबधब्यात पोहायला जातात. तिथली पुष्कळ झाडं मूळची नाहीत, लावलेली महोगनी आहे. फिजीने गेल्या शतकाच्या उत्तरार्धात महोगनीच्या फार मोठ्या लागवडी केल्या. वरून हिरवं दिसतं. खालचा पालापाचोळा मात्र एकाच झाडाचा. मातीतल्या जिवांना ह्याने फरक पडत असणार असं मला वाटतं. जाणकारांनी सांगावं.

---

मृदासखी

सुवाकर, तुमचा प्रतिसाद वाचून धाग्याचं सार्थक झालं. महोगनीबद्दल. गोम पाला खात नाही, पाल्यात राहणाऱ्यांना खाते. एकाच झाडाचा पाला पडला की त्यात राहणाऱ्या अळ्या, गांडुळं, इतर बारीक जीव बदलतात आणि त्यांच्यावर जगणारी बदलते. शिवाय लाकूड काढताना यंत्रं फिरतात आणि माती दाबली जाते. जमिनीतली गोम स्वतःचं अंग लांब-आखूड करत, गांडुळासारखी माती रेटत पुढे सरकते. सिडनी मँटन ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी गेल्या शतकात ह्या हालचालीचा फार बारकाईने अभ्यास केला होता. अंग आखूड करून जाड करायचं, फट रुंदावायची, पुढचं टोक ताणून आत घालायचं. इतके पाय आणि इतके खंड ह्या कामासाठीच आहेत. प्रत्येक खंड थोडासाच ताणला तरी पूर्ण अंग पुष्कळ लांबतं. दाबलेल्या मातीत हे कठीण होतं.

---

दर्याकिनारा

धागा उत्तम. पण एका मुद्द्यावर मी असहमत आहे आणि तो स्पष्ट मांडतो.

'फक्त फिजीत सापडणारी' हे शब्द आपण फार सहज वापरतो. देशाची सीमा माणसाने आखलेली. गोमेला फिजी माहीत नाही. तिला माहीत आहे एखाद्या बेटाची, कदाचित एखाद्या खोऱ्याची माती. उलट बाजूने पाहिलं तर, ज्या प्राण्याला शोधायला फार थोडे लोक गेले, तो 'एकाच देशातला' असणं म्हणजे शोधणारे एकाच देशात गेले असंही असू शकतं. ह्याच प्रजातीच्या जाती फिलिपिन्सपासून न्यू गिनीच्या आसपासच्या बेटांपर्यंत आहेत. मग प्रदेशनिष्ठ हा शिक्का इतक्या ठामपणे का मारायचा?

---

कडेकपारी

दर्याकिनारा, तुमचा अर्धा मुद्दा मान्य, अर्धा नाही.

फिजीच्या बाबतीत देशाची सीमा आणि निसर्गाची सीमा बऱ्यापैकी एकच आहे. ही बेटं ज्वालामुखीतून वर आली. कुठल्याही खंडाला ती कधी जोडलेली नव्हती. चहूबाजूंनी शेकडो किलोमीटर समुद्र. म्हणजे मातीतला जो प्राणी तिथे आहे, त्याचे पूर्वज पाणी ओलांडून आलेत. वादळात उन्मळलेलं झाड, मुळांत अडकलेली माती, त्यात एखादी अंडी सांभाळणारी मादी. असा प्रवास क्वचितच घडतो. पण एकदा घडला की आलेल्या जिवांचा मागच्या नातेवाइकांशी संबंध तुटतो आणि लाखो वर्षांत वेगळी जात होते. पश्चिमेकडच्या बेटांवर त्याच प्रजातीच्या दुसऱ्या जाती असणं हे ह्या गोष्टीशी जुळतंच.

किनाऱ्यावर राहणाऱ्या गोमा खाऱ्या पाण्याचा मारा सोसतात हेही खरं. वर सांगितलेली स्ट्रिगॅमिया तर भरतीच्या रेषेजवळच्या गोट्यांखाली राहते. त्यामुळे समुद्र ओलांडणं ह्या गणाला अगदीच अशक्य नाही.

मुंग्यांचं उदाहरण बघा. विल्यम मान नावाचे तरुण अमेरिकन १९१५-१६ मध्ये फिजीत फिरले, चेंबरलिन ज्या संग्रहालयात होते त्याच संग्रहालयासाठी. त्यांचं फिजीच्या मुंग्यांवरचं काम १९२१ मध्ये आलं. नंतर शंभर वर्षांत लोक पुन्हा पुन्हा गेले, सगळी मोठी बेटं पालथी घातली. आज तिथल्या मुंग्यांच्या सुमारे १९० जाती माहीत आहेत आणि त्यांतल्या दोन तृतीयांशांहून जास्त दुसरीकडे कुठेच नाहीत. म्हणजे नीट शोधल्यावरही प्रदेशनिष्ठतेचा आकडा पडला नाही.

---

मृदासखी

कडेकपारींनी माझ्या मनातलं लिहिलं. पण दर्याकिनारा ह्यांचा दुसरा मुद्दा मी सोडून देणार नाही, कारण तोच ह्या धाग्याचा गाभा आहे. शोधणारे कुठे गेले, आणि त्यांनी कशाने शोधलं.

ह्या शतकाच्या सुरुवातीपासून फिजीत कीटकांची मोठी पाहणी झाली. होनोलुलूच्या बिशप म्युझियमचा त्यात पुढाकार होता. मुख्य साधन होतं जाळीचा तंबूसारखा सापळा. उडणारे कीटक त्याच्या भिंतीला आपटून वर चढतात आणि बाटलीत पडतात. त्यातून माश्या, गांधीलमाश्या, भुंगे ह्यांच्या कितीतरी नव्या जाती मिळाल्या. काम मोलाचंच आहे. पण जी आयुष्यभर जमिनीखाली राहते, जिला पंख नाहीत, ती त्या बाटलीत कशी पडणार? तिच्यासाठी गुडघे टेकून माती चाळावी लागते. कुजका ओंडका फोडावा लागतो. माती पांढऱ्या ताटात पसरून बोटांनी निवडावी लागते. गोम हाताला लागली तरी ओढली की तुटते, आणि तुटलेल्या गोमेच्या जोड्या मोजून उपयोग नाही.

मुंग्यांना शंभर वर्षांत पुन्हा पुन्हा माणसं मिळाली. गोमांना मिळाली नाहीत. 'प्रदेशनिष्ठ' हा शब्द मी ठेवीन, पण त्याचा अर्थ 'कुठे आहे ते कळलं, आता झालं' असा कुणी घेऊ नये म्हणून भांडेन.

---

टिपकागद

चेंबरलिन ह्यांच्याबद्दल थोडं वाचलं, ते इथे द्यायला हवं असं वाटलं.

जन्म १८७९, सॉल्ट लेक सिटी, मॉर्मन कुटुंब. शिकून परत आल्यावर उटाह राज्यातल्याच प्रोव्हो इथल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात शिकवू लागले. उत्क्रांती शिकवायचे, आणि धर्माशी तिचं भांडण नाही असं सांगायचे. विद्यार्थी त्यांच्या बाजूचे होते, पण चर्चच्या वरिष्ठांना ते पटलं नाही आणि १९११ मध्ये त्यांना आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांना ती जागा सोडावी लागली. तिथून ते पूर्वेकडे गेले, १९१३ ते १९२५ हार्वर्डच्या संग्रहालयात होते आणि मग पुन्हा उटाहमध्ये परतले. १९६७ मध्ये गेले. कोळी, गोमा, पैसे मिळून ४,००० हून अधिक प्राण्यांना त्यांनी नावं दिली.

म्हणजे पहा, प्रोव्होमध्ये तो वाद झाला नसता तर फिजीचा तो नमुना कदाचित दुसऱ्याच कुणाच्या टेबलावर गेला असता. एका माणसाला आपल्या म्हणण्यावर ठाम राहिल्याबद्दल घर सोडावं लागलं, आणि तो गोमांचे पाय मोजत बसला. मला हा माणूस फार जवळचा वाटला.

---

वेलदोडा

दापोलीजवळ आमची माड-पोफळीची वाडी आहे. जाणकारांना एक विचारायचं होतं. पावसाळ्यात रात्री पोफळीच्या आळ्यात कुदळ लागली की कधीकधी मातीत हिरवट उजेड पसरतो. रेघ ओढल्यासारखा, आणि थोड्या वेळाने विझतो. वडील त्याला हात लावू द्यायचे नाहीत. एकदा विजेरी मारून पाहिलं तर लांब गोम होती. हे काय असतं?

---

कडेकपारी

वेलदोडा दादा, ही ऑर्फ्निअस ब्रेव्हिलॅबिएटस असण्याची दाट शक्यता आहे. जमिनीतलीच गोम, उष्ण कटिबंधात जगभर पसरलेली, भारतातही आहे. डिवचलं की पोटाच्या बाजूच्या बारीक छिद्रांतून चिकट स्राव सोडते आणि तो स्राव हिरवट चमकतो. तुम्ही पाहिलेली रेघ म्हणजे मातीला लागलेला तो स्राव. हात न लावण्याचा वडिलांचा सल्ला चांगलाच आहे.

पोटाकडची ही छिद्रं गणातल्या बऱ्याच गोमांना असतात, फक्त सगळ्या चमकत नाहीत. काहींच्या स्रावात हायड्रोजन सायनाइडही असतं. ह्यावरून एक गोष्ट आठवली. ह्या गोमांच्या माद्या अंडी घातल्यावर त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसतात. कित्येक आठवडे काही न खाता, पिल्लं स्वतःची स्वतः हिंडू लागेपर्यंत. मेसिस्टोसेफॅलसच्या कुटुंबातल्या माद्या पोट अंड्यांकडे ठेवतात, घोण बसते तशी. बाकीच्या कुटुंबांतल्या माद्या उलट बसतात, पाठ अंड्यांकडे आणि पोट बाहेर. म्हणजे स्रावाची छिद्रं शत्रूकडे आणि अंडी त्यांच्यापासून दूर. पायांनी अंडी धरायची सोय जाते, पण विष अंड्यांना लागत नाही.

पिल्लू अंड्यातून निघतं ते पायांची पूर्ण संख्या घेऊनच. पुढे फक्त आकार वाढतो, पाय वाढत नाहीत. भिंतीवर पळणाऱ्या लांब पायांच्या गोमेचं असं नाही, तिचे पाय कात टाकताना टप्प्याटप्प्याने वाढतात.

---

वेलदोडा

खूप धन्यवाद. मग ह्या गोमा बागेला चांगल्या की वाईट? आमच्याकडे काही जण आळ्यात दाणेदार कीटकनाशक टाकतात.

---

मृदासखी

वेलदोडा, मुळं त्या खात नाहीत. मातीतल्या अळ्या खातात. गांडुळंही खातात, पण गांडुळं भरपूर असलेल्या जमिनीतच गोमा भरपूर असतात, त्यामुळे त्याची काळजी नको. दाणेदार कीटकनाशक मातीत पडलं की हुमणी मरते तशी हुमणी खाणारीही मरते. आणि शिकार करणाऱ्यांची संख्या परत भरायला त्यांच्या भक्ष्यापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण त्या थोडी अंडी घालतात आणि जपून वाढवतात. झावळं, पाला आळ्यातच कुजू द्या.

---

सुवाकर

कडेकपारी, तुम्ही अंड्यांबद्दल लिहिलंत त्यावरून विचारतो. इथे आता चक्रीवादळं जास्त तीव्र होतायत. २०१६ चं विन्स्टन तर सगळ्यांच्या आठवणीत आहे. उष्णताही वाढतेय. मातीतल्या गोमेवर तापमानाचा काही परिणाम होतो का?

---

कडेकपारी

होतो, आणि तो चक्क पायांवर दिसतो. स्ट्रिगॅमिया मॅरिटिमाच्या ब्रिटनमधल्या उत्तरेकडच्या वस्त्यांत पाय कमी, दक्षिणेकडे जास्त. प्रयोगशाळेत अंडी वेगवेगळ्या तापमानाला वाढवली तेव्हा ऊबदार ठिकाणी वाढलेल्यांना सरासरी जास्त खंड आले. गर्भात खंड आखले जात असतानाची ऊब त्या गोमेच्या अंगावर कायमची नोंदली जाते.

२०१४ मध्ये ह्याच गोमेचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, बहुपाद प्राण्यांतला पहिला. त्यात डोळ्यांना उजेड ओळखायला लागणारी ओळखीची जनुकं सापडली नाहीत. दिवस-रात्रीचं घड्याळ चालवणारी जनुकंही नाहीत. कोट्यवधी वर्षं अंधारात राहून ती गळून गेली. तरीही ती उजेडापासून पळते. हे सगळं आपल्याला एका थंड प्रदेशातल्या, ५० च्या आसपास जोड्यांच्या गोमेवरून कळलं. १९१ जोड्यांच्या गोमेच्या गर्भात खंड कसे आखले जातात, ह्यासाठी तोमानीवीच्या उतारावर कुणीतरी अंड्यांवर बसलेली मादी शोधायला हवी.

---

दर्याकिनारा

मृदासखी, कडेकपारी, दोघांचेही आभार. समुद्र आणि सीमा ह्यांबद्दलचं तुमचं म्हणणं पटलं. शोधण्याच्या साधनांचा मुद्दा मी मांडला होता त्याहून तुम्ही पुढे नेलात.

थोडं विषयांतर. आपल्या घाटात, देवरायांत, हे काम कुणी करायचं म्हटलं तर वेगळी साधनं लागतात का?

---

मृदासखी

फारसं काही नाही. खुरपं, पांढरा ट्रे, मऊ चिमटा, ७०-८० टक्के अल्कोहोल, पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी (शाई विरघळते) आणि नंतर एक बरा स्टिरिओ मायक्रोस्कोप. ठिकाण, तारीख, उंची, झाडी, माती ह्यांची नोंद नमुन्याइतकीच महत्त्वाची. देवराईत गावाला विचारूनच जायचं, आणि राखीव जंगलात वनखात्याची लेखी परवानगी घेऊन. सुवाकरांनी सेवुसेवूचं लिहिलंय ते आपल्याकडच्या देवरायांनाही लागू करावं असं मला वाटतं. ज्यांना मारायचं नसेल त्यांनी फोटो काढावेत. डोकं वरून, डोकं खालून, शेवटची जोडी, आणि पूर्ण अंग एका चौकटीत.

---

पानगळ

मी कोल्हापूरला प्राणिशास्त्र शिकते आहे. आमच्या टेकडीवर पाल्याखाली एक मिळाली आहे, पिवळसर, लाल डोक्याची. मी मोजल्यावर कधी ४९ येतात, कधी ५०, कधी ५१. शेवटचे पाय लांब आणि वेगळे दिसतात, ते धरायचे का? आणि नांग्या?

---

मृदासखी

पानगळ, शेवटची लांब जोडी धरायची. ती चालायच्या कामाची नसते, स्पर्शाला आणि नराच्या बाबतीत मिलनाला उपयोगी पडते, पण मोजणीत ती पायांची जोडीच. नांग्या धरायच्या नाहीत. ५० येतात तेव्हा बहुधा नांग्या धरल्या जात असतील, किंवा नांग्यांच्या लगेच मागची आखूड पहिली जोडी सुटत असेल. गोम पाठीवर उताणी करून पोटाकडून मोज, कारण पोटाच्या पट्ट्या स्पष्ट वेगळ्या दिसतात. दहा-दहा जोड्यांवर बारीक टाचणी टेकवत जा. पुढून मागे मोजून झालं की मागून पुढे मोज, आणि दोन्ही आकडे जुळले तरच वहीत लिही. ४९ आले तर डोक्याच्या खालच्या बाजूचा, नांग्यांवरचे दात दिसतील असा फोटो इथे टाक, म्हणजे जातीपर्यंत जाता येतं का ते बघू.